कंपायलरनं विचारलं होतं

अन्याय झाला तो सुभद्रा राव यांच्यावर. गेल्या वर्षी, अग्नी नक्षत्रमचं ऊन उतरायच्या आधीच्या बुधवारी, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपल्यावर, चेन्नईत, तरमणीतल्या एका काचेच्या इमारतीत. त्यांना थंडगार खोलीत बोलावलं, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला, स्क्रीनवर त्यांचं नाव दाखवलं आणि संध्याकाळच्या आत गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. नाव त्यांचं होतं. काम त्यांचं नव्हतं. एवढं पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते. कामगार संघटनेची पत्रकं लिहून मला सवयच लागली आहे: वाचणारा कुठेही वाचायचं सोडू शकतो, तेव्हा मुख्य गोष्ट आधी.

बाकीचं मात्र पत्रकात बसलं नाही. पत्रकात उन्हाला जागा नसते.

परवा मैलापूरच्या तळ्यापाशी नुंगूवाला बसलेला दिसला. ताडगोळे सोलून पानावर ठेवत होता, आणि मला कळलं, कत्तिरी, म्हणजे तेच अग्नी नक्षत्रम, परत लागली. मे महिन्यातले हे काही आठवडे इथले लोक असे नाव घेऊन मोजतात, घरात येऊन राहणाऱ्या त्रासदायक नातेवाइकासारखे. मी अकोल्याची. ऊन मला कुणी शिकवायला नको. पण आमच्याकडचं ऊन कोरडं. सणकन मारतं आणि सावलीत गेलं की सोडतं. चेन्नईचं ऊन सावलीत पण तुमच्याबरोबर येतं. पाठीला ओलं चिकटतं, जिना चढतं, पंख्याखाली शेजारी बसतं. दुपारी समुद्राकडून वारा आला तर आला. नाही आला तर सगळी गल्ली गच्चीकडे बघत बसते, वाळत घातलेली धोतरं हलतात का म्हणून.

मी तेव्हा सुभद्राक्काच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. अजून राहते. अक्काची माणसं मूळची तंजावरची, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे उतरलेली मराठी. तिनं लग्न केलं नाही. घरात ती जी मराठी बोलते ती ऐकून मी सुरुवातीला ओठ दाबून हसायचे. "कस हास गे? काय करालीस? उन्हांत हिंडूनको, काळी होशील आणि तुझी आई मला विचारेल." अर्धं वाक्य जुन्या बखरीतलं वाटायचं आणि शेवट तमिळ हेल काढून व्हायचा. काही महिन्यांनी मीच आईला फोनवर 'बरं'च्या जागी "सेरी, ठेवते" म्हणाले, आणि अकोल्याला अर्धं मिनिट शांतता पसरली.

अक्का कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे संगणकी यंत्राच्या आतला सगळ्यात खालचा थर. वरचं सगळं त्याच्या भरवशावर चालतं, आणि तो आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिची कंपनी कारखान्याच्या भिंतीवर लावायच्या पेट्या बनवायची. विजेवरच्या स्कूटरच्या बॅटऱ्या जिथे चार्ज होतात त्या खोल्यांत या पेट्या तापमानावर नजर ठेवतात. फार तापलं की भोंगा वाजवायचा आणि वीज तोडायची, एवढंच पेटीचं काम. त्या पेटीतला कर्नल अक्काच्या ताब्यात होता.

त्या उन्हाळ्यात कंपनीनं ठरवलं की कर्नल नव्या कंपायलरवर न्यायचा. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा. नवा कंपायलर फार चौकस निघाला. जुना जिथे गप्प बसायचा तिथे हा इशारे द्यायला लागला, शेकड्यांनी. त्यातला एक प्रकार मला अक्कानं ताक पिता पिता समजावला. प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक परिस्थिती लिहिलेल्या असतात: गरम झालं तर हे कर, फार गरम झालं तर ते कर, सेन्सरच जोडलेला नसेल तर आणखी काही. प्रत्येकीच्या शेवटी 'थांब' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर यंत्र थांबत नाही, घसरून खालच्या परिस्थितीत जातं आणि तिथलंही काम करून टाकतं. कधी लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. कधी तो 'थांब' लिहायला विसरलेला असतो. कंपायलरला यातलं कुठलं ते कळत नाही, म्हणून तो विचारतो: ही घसरण मुद्दाम आहे का?

"मग उत्तर दिलं की झालं," मी म्हणाले.

"होय कीं. पण उत्तर कोणाला ठाऊक? लिहिलं त्याला. तो कोठें आहे?"

आणि तिनं फोन लावायला सुरुवात केली.

ही अक्काची कामाची रीत. लोक हसायचे तिला. एखाद्या ओळीवर इशारा आला की ती ओळ मुळात कुणी लिहिली ते शोधायची आणि त्या माणसाला फोन करायची, मग तो कंपनी सोडून गेलेला का असेना. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करायची; त्या दिवशी माझी सुट्टी असली की मी पलीकडच्या खोलीत पडून ते फोन ऐकायचे. तमिळ मला अर्धंच कळायचं, उरलेलं ती नंतर हसत सांगायची. एकजण कोइमतूरला सासऱ्याचं हॉटेल चालवत होता. म्हणाला, "अक्का, इथे मला सकाळचा सांबार आठवत नाही, तुम्ही चार वर्षांपूर्वीची ओळ विचारताय." अक्का म्हणाली, "सांबाराचं राहू दे. प्रोसेसर झोपेतून उठल्यावर तुला थांबायचं होतं का जायचं होतं?" पलीकडे पीठ दळण्याचा आवाज. मग तो म्हणाला, "जायचं होतं. मुद्दाम." दुसरी बाळंतिणीच्या खोलीत होती, मूल रडत होतं, आणि तिनं रडणाऱ्या मुलाला थोपटत थोपटत ओळ ऐकली आणि म्हणाली, "अय्यो, तिथे थांब हवा. चुकलंच की." अक्का प्रत्येकाचे आभार मानायची, घरच्यांची चौकशी करायची आणि तेवढी एक ओळ दुरुस्त करून पुढच्या फोनकडे वळायची.

सगळे फोन उचलले जात नव्हते. तापमानाच्या भागात एक जागा होती, ती लिहिणारा मस्कतला गेला होता. त्याचा फोन लागायचा आणि वाजून बंद पडायचा. ती जागा अक्कानं तशीच ठेवली. "वाचून काय वाटतं तुला?" मी विचारलं. म्हणाली, "वाटतं कीं विसरला. पण जुन्या सेन्सरचं काम आहे. माझ्या वाटण्यावर हात लावला आणि दुसरंच कांहीं मोडलं तर? तो सांगो."

तिचा मॅनेजर रमणन. वाईट माणूस म्हणून सांगता येणार नाही. दर दिवाळीला अक्काकडे त्याच्या बायकोनं केलेला मुरुक्कू, आपल्या चकलीसारखा, यायचा. पण त्याच्या डोक्यावर तारीख होती, आणि इशारा शिल्लक असेल तर कर्नल बाहेर पडणार नाही असा कंपनीचा नियम होता. तो अक्काला म्हणाला, "अक्का, कंपायलरला गप्प करायचंय. त्याचं समाधान करायला कुणी सांगितलं?" हे तिनं मला हसून सांगितलं होतं. मी पण हसले होते. त्या दिवसांत सगळंच उन्हावर ढकलून हसायची सोय होती.

कत्तिरी लागली आणि अक्का भाच्याच्या लग्नाला तंजावरला गेली. आठवडाभर. मागे ऑफिसात रमणननं सरळ मार्ग काढला. एक छोटा प्रोग्रॅम लिहवून घेतला. तो कर्नलमधून फिरला आणि जिथे जिथे कंपायलरनं विचारलं होतं, ही घसरण मुद्दाम आहे का, तिथे तिथे त्यानं उत्तर ठोकलं: हो, मुद्दाम. सगळीकडे. दुपारच्या चहाच्या आत एकही इशारा उरला नाही. आणि त्या भागाची मालकीण अक्का, बदल तिच्या नावानं गेले तरच पुढचं दार उघडतं, म्हणून करणाऱ्याच्या जागी तिचं नाव टाकलं. त्यात कुणाचंही नाव टाकता येतं. त्या धंद्यात हे विश्वासावर चालतं.

ती परत आली. लग्नातला लाडू सगळ्या टीमला वाटला, मग मशीन उघडलं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी दारातच होते. तिनं पायातल्या चपला काढल्या, परत घातल्या आणि पुन्हा काढल्या. म्हणाली, "माझ्या नांवानं उत्तरं दिलीं गे. मीं कोणाला विचारलंच नाहीं."

सोमवारच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की हे विचारून केलेलं नाही, तापमानाच्या भागातली जागा उघडी आहे, तोवर थांबा. खोलीत पूर्ण टीम होती. रमणन म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. कुणी काही बोललं नाही. चाचणी झाली, ती नव्या सेन्सरवर. पेट्या कारखान्यांत होत्याच. नवा कर्नल त्यांच्यात वायरीतून उतरला.

शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात भिंतीवर जुन्या सेन्सरची पेटी होती. कत्तिरीतली दुपार, पत्र्याचं छप्पर, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे रॅक. एक रॅक तापला. पेटीनं ते ओळखलं. भोंग्याला 'वाज' म्हणाली आणि थांबली नाही, कारण तिथे 'थांब' पहिल्यापासूनच नव्हता, आणि आता ते 'मुद्दाम' ठरलं होतं. घसरून खालच्या परिस्थितीत गेली, जिथे लिहिलं होतं: सेन्सर जोडलेला नाही, वीज तोडू नकोस, गप्प बस. ती गप्प बसली. कंत्राटी कामगार सेल्वम रॅकपाशी होता. त्यानं धूर पाहिला आणि बाकीच्या बॅटऱ्या वाचवायला हातानं ओढायला गेला.

त्यानंतरचा तो बुधवार. त्या धंद्यात एक आज्ञा असते. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव उमटतं. त्या ओळीपुढे सुभद्रा राव असं उमटलं. अक्कानं सांगितलं, मी त्या दिवशी तंजावरला होते, सगळ्यांना ठाऊक आहे. समोरची बाई, मनुष्यबळ खात्याची, म्हणाली, "पण सिस्टिममध्ये तुम्ही आहात." सिस्टिममध्ये. मला हा शब्द उच्चारताना आजही दात आवळावे लागतात. रमणन खिडकीबाहेर बघत होता असं अक्का म्हणाली. तिनं त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त आजवर काही म्हटलेलं नाही. माझ्या तोंडून मात्र बरंच काही निघतं, आणि ती मला गप्प करते: "त्यालाही घर आहे गे." मी म्हणते, सेल्वमलाही हात होते. 

कत्तिरी उतरल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मस्कतचा फोन आला. आम्ही गच्चीवर वडाम वाळत घालत होतो. तांदळाच्या पिठाचे ते ओले गोळे कापडावर ओळीनं पडत होते, आणि अक्काचे दोन्ही हात भरलेले होते म्हणून मी फोन तिच्या कानाला लावून धरला. आवाज मलाही येत होता. तो मोठ्या उत्साहात होता. "सॉरी अक्का, नंबर बदलला होता, जुनं सिम आज टाकलं, तुमचे इतके मिस्ड कॉल. काय विचारत होतात?" अक्कानं सवयीनं विचारलं. अगदी त्याच आवाजात, जागा कुठली, परिस्थिती कुठली, थांबायचं होतं का जायचं होतं. तो क्षणभर आठवत राहिला. मग म्हणाला, "थांबायचं होतं अक्का. लिहायचं राहिलं असणार. बरं झालं विचारलंत."

तिनं त्याचे आभार मानले. घरी सगळे कसे आहेत विचारलं. मी फोन बाजूला घेतला आणि ती पुन्हा वडाम घालायला वाकली. मला वाटलं उन्हानं डोळे मिटलेत तिचे. त्या दिवशी तिनं पूर्ण कापड भरलं, आणि खाली आल्यावर जेवण न करता भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग तिनं एक हट्ट धरला: सेल्वमकडे जायचं. संघटनेतल्या आमच्या वकिलानं सांगितलं, जाऊ नका, उद्या याचा अर्थ गुन्हा कबूल केला असा काढतील. अक्का म्हणाली, "काढो." आम्ही एन्नोरला गेलो. गाडी उत्तरेकडे जाते तसा खिडकीतून येणारा वास बदलतो. मासे, मग तेल, मग जिभेवर राख. वीजकेंद्रांच्या चिमण्यांच्या पायथ्याशी मच्छीमारांची वस्ती आहे. सेल्वम तिथला. त्याच्या बापाची होडी होती, पण खाडीत राख साचत गेली आणि मासा गेला, म्हणून पोरगा कारखान्यात लागला. हे मी पत्रकात लिहिलं आहे, इथे परत रागावत नाही.

तो दारात खाटेवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. त्याच्या आईला कंपनीच्या माणसानं येऊन सांगितलं होतं की एका इंजिनिअर बाईची चूक झाली, तिला काढून टाकलं आहे. नावही सांगितलं होतं. अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तमिळमध्ये म्हणाली, "ते नाव माझं आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग आत जाऊन स्टीलच्या लोट्यात पाणी घेऊन आली. "उन्हातून आलीस. आधी पी."

अक्का पाणी प्यायली. सेल्वमनं विचारलं, "अक्का, ती पेटी वाजली का नाही? रोज सकाळी टेस्टला तर कान फोडायची." अक्कानं त्याला सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, परिस्थिती, थांब, घसरण. त्यानं नीट ऐकलं. म्हणाला, "म्हणजे ओरडायला तोंड उघडलं होतं तिनं. आणि लगेच मिटलं."

"हो."

"आमचा अप्पा. आईसमोर रोज असंच करतो."

आतून अप्पाचा खोकला आला. सेल्वम हसला, आईसुद्धा तोंड फिरवून हसली, आणि हसता हसता तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला, कारण त्याला स्वतःला तो टिपता येत नव्हता. मग तिनं अक्काला विचारलं, "तू लिहिलंस का ते?"

"नाही."

"मग त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. माझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नाही."

"तिथे कुणी नव्हतं?"

"सगळे होते."

आईनं लोटा उचलला. म्हणाली, "आमच्या वस्तीत होडी बुडाली तर पलीकडच्या घरचा शत्रू पण किनाऱ्यावर येऊन सांगतो, मी पाहिलं, अमक्या बाजूला बुडाली. तुमच्यात नाही का तसं?" प्रश्न अक्काला होता तसा मलाही होता.  मला, जी कोपऱ्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात कागद कोंबते.

आता हे वर्ष. नुंगू तेच, रस्त्याकडेच्या मांडवात फुकट वाटतात ते ताक तेच. तळ्यातलं पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं आहे. अक्कानं दोन-तीन ठिकाणी नोकरीसाठी विचारलं. बोलावतात, गोड बोलतात, मग कुठूनतरी त्यांना कळतं आणि बोलावणं थांबतं. जगभरचे लोक मिळून जो खुला कर्नल लिहितात, त्यात ती फावल्या वेळात वर्षानुवर्षं बारीक दुरुस्त्या पाठवायची. एखादा इशारा, एखादी ओळ, खाली स्वतःचं नाव. ते तिनं बंद केलं आहे. मी म्हटलं, तिथे तुला कोण काय म्हणणार? म्हणाली, "माझं नांव खालीं लिहायला हात जात नाहीं." सकाळी ती अजून त्याच वेळेला उठते, केस विंचरते, गजरा माळते, आणि मग जायचं कुठे नाही हे आठवल्यासारखी खिडकीपाशी बसते. समोरून तिरुमयिलैच्या उंच स्थानकाकडे जाणारी माणसं दिसतात. त्या स्थानकातून ती गाडी पकडायची. आता मला तिथल्या कबुतरांविषयी विचारते, अजून तितकीच आहेत का म्हणून.

कामगार खात्यात तिचं प्रकरण चालू आहे. नोकरी मिळेल असं तिला वाटत नाही, मलाही नाही. तिला एकच हवं आहे: ती उत्तरं मी दिली नाहीत, असं कुणीतरी, तिच्याशिवाय, मोठ्यानं म्हणावं. नोकरी गेली, ते ती सोसते आहे. सेल्वमच्या हातांवर तिचं नाव आहे, ते तिला सोसत नाही.

आणि म्हणू शकणारा माणूस आहे. तो छोटा प्रोग्रॅम त्यानं रमणनच्या सांगण्यावरून लिहिला. अक्काचं नाव त्यानं रमणनच्या सांगण्यावरून टाकलं. तो आपला आहे, मराठी, महाराष्ट्रातून आलेला, हुशार, शांत. अक्काच्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. कुणाच्या वतीनं कुणाचं नाव कुठे लिहायचं नाही, एवढं मी या प्रकरणातून शिकले आहे. मी त्याला भेटले, तरमणीच्या चहाच्या टपरीवर. त्यानं चहा तसाच धरून ठेवला. म्हणाला, "ताई, मला झोप लागत नाही. मी सांगणार होतो. आधी घरी सांगितलं. आई म्हणाली, तू परमुलखात आहेस, तू मध्ये पडू नकोस. बाबा म्हणाले, त्या बाईचं वय झालंय, तुझं आयुष्य जायचंय."

मी त्याच्यावर ओरडले नाही. माझी आई पण हेच म्हणते, प्रेमानंच म्हणते. पण म्हणून हे पत्रकात न लिहिता इथे लिहिलं, तुमच्या भाषेत, तुमच्या घरात वाचलं जाईल असं. त्याच्या घरचे वाचतील की नाही मला माहीत नाही. तुम्ही वाचताय. तुमच्याही घरातलं कुणीतरी चेन्नईत, बंगळुरात, हैदराबादेत अशा एखाद्या खोलीत बसतं, जिथे सगळे असतात आणि कुणी बोलत नाही.

आज फोन करा त्याला. तिला. जेवलास का, ऊन फार आहे का, हे विचारून झालं की विचारा: तुझ्या समोर कुणावर खोटं ढकललं गेलं का? विचारून गप्प बसा, त्याला बोलू द्या. आणि तो म्हणाला, आई, मी खरं सांगायला जाऊ का, तर 'जा' म्हणा.